लाल काच, हिरवी काच आणि गोराईचं खळं

नाडकर्णीने मला फसवलं. गोराईला, एका बाईच्या खळ्यावर, बबनच्या डोळ्यांदेखत फसवलं. आणि फसवलं तेही मी जे जे मागितलं ते सगळं देऊन.

आमच्या आकाशप्रेमी मंडळाच्या वार्षिक अंकात दरवेळी कोणी ना कोणी हिमालयात जाऊन आल्याचं लिहितं. यंदा संपादक मला म्हणाले, "सावंत, तुम्ही गोराईवर लिहा. जरा गमतीशीर होऊ द्या." ठीक आहे. ज्यांना गंमत वाटेल त्यांनी हसावं. नाडकर्णीने मात्र नीट बसून वाचावं.

आधी मी कोण ते सांगतो. मुलुंडला माझं गिअर कापायचं वर्कशॉप आहे. वडील गिरणीत होते, मी लेथवर हेल्पर म्हणून लागलो, आज शेड माझी आहे. मंडळातले बाकीचे लोक बँकेतले, कॉलेजातले. दुर्बिणीचा स्टँड डुगडुगला की त्यांना मी आठवतो. "सावंत, जरा बघ ना रे." मी बघतो, घट्ट करतो, बाजूला होतो, आणि फोटो दुसराच कोणी काढतो. दरवर्षी डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरतं. दारातून आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम असते. तिच्याखाली आजवर माझं नाव कधी लागलेलं नाही. यंदा लागायला हवं होतं. ह्या प्रवासाला मी निघालो तो एवढ्याचसाठी.

नाडकर्णी बोरिवलीचा, बँकेत अधिकारी, बोलायला लोण्यासारखा. त्याचा मेहुणा अमेरिकेत असतो. त्याने सुट्टीवर येताना दोन काचा आणि थोडी फिल्म आणली होती. काचा अंगठीच्या डबीत मावतील एवढ्याच, पण नाडकर्णी त्या देवघरातल्या शाळिग्रामासारख्या हाताळायचा.

"ही काच म्हणजे दारावरचा गुरखा आहे, सावंत," तो मला समजावत होता. "एकाच रंगाला आत सोडते, तोही अगदी केसाएवढा. रस्त्यावरचे दिवे, जाहिराती, सगळे बाहेर. एक काच हायड्रोजनच्या लाल रंगाची, एक ऑक्सिजनच्या हिरव्या रंगाची."

"आणि काढायचं काय?"

"म्हातारा ग्रहीय तेजोमेघ. कुंभ राशीतला."

नावापासूनच फसवणूक सुरू होते, बघा. ह्या तेजोमेघाचा ग्रहांशी काही संबंध नाही. जुन्या लोकांना दुर्बिणीत वाटोळं काहीतरी दिसलं आणि ग्रहासारखं वाटलं म्हणून नाव पडलं. खरं म्हणजे तो मरत्या ताऱ्याने अंगावरून उतरवलेला वायू असतो. तरुणपणी लहान आणि झगझगीत, म्हातारपणी पसरून फिका झालेला. कुंभेतला चांगलाच म्हातारा आहे. जवळजवळ अर्ध्या चंद्राएवढा पसरलाय, पण इतका पातळ की मुलुंडच्या गच्चीवरून बघायला जाल तर शेजारणीच्या साड्यांपलीकडे काही दिसणार नाही.

साध्या फिल्मला हायड्रोजनचा हा गडद लाल दिसतच नाही, म्हणून ही खास फिल्म. तिलाही तशीच वापरून भागत नाही. हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये बरेच तास शेकवली तरच ती एवढा मंद उजेड पकडते. तो गॅस पोलाद तापवायच्या भट्टीत लागतो. मंडळात भट्टीवाल्याशी ओळख कोणाची? माझी. शेकवायला झाकणबंद भांडं हवं होतं, ते बबनने दिलं. बबन गोरेगावच्या एका स्टुडिओत कॅमेऱ्याचा असिस्टंट. त्याने घरच्या प्रेशर कुकरच्या शिटीच्या जागी नळी बसवली आणि तो कुकर दिवसभर गरम पाण्यात ठेवला. बायको माहेरी होती. परत आल्यावर तिने विचारलं, "ह्यात काय शिजवलंत?" हा म्हणाला, "तारे." ती दोन दिवस बोलली नाही.

काचा नाडकर्णीच्या. गॅस, दुर्बिणीचा स्टँड आणि तिला ताऱ्यांबरोबर फिरवणारा गिअर माझा. कुकर बबनचा. तिघांचा सारखा वाटा, असं मी धरून चाललो.

दहिसरचा नाका

मुलुंडला तिघांनी माझ्या टेम्पोत सामान टाकलं आणि ठाणे, घोडबंदरवरून, म्हणजे मुंबईबाहेरून वळसा घालून, दहिसरला आलो. नाक्यावर जकातवाल्याने थांबवलं. ताडपत्री उचलली तर आत सहा फुटी नळा.

"काय आहे?"

"दुर्बीण."

"कुठून आणली?"

"मुलुंडहून."

"मुलुंड मुंबईतच आहे."

"म्हणूनच तर जकात लागत नाही."

"मग मुंबईबाहेर कशाला नेली?"

"मुंबईत यायला."

मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. माझा पारा चढायला लागला. नाडकर्णी खाली उतरला, गोड आवाजात म्हणाला, "साहेब, आम्ही हौशी लोक, आकाश बघतो." जकातवाला म्हणाला, "दाखवा मग." भर दुपारी काय दाखवणार? मी नळा ताडपत्रीवरच वळवून पलीकडच्या टेकडीवरचा विजेचा खांब दाखवला. त्याने बराच वेळ बघितलं.

"उलटा दिसतोय की."

"आकाशात वर-खाली कुठे असतं?" नाडकर्णी म्हणाला.

"हे मुंबईत विकलंत तर याद राखा," असं म्हणून त्याने सोडलं. उलट्या वस्तूवर जकात कशी लावायची ह्याचा बहुधा त्याला नियम सापडला नसावा.

खाडीपलीकडे

बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीत बसलं की खाडी ओलांडायला चहा पिण्याएवढा वेळ लागतो, पण पलीकडे गेल्यावर वाटतं आपण रत्नागिरीला उतरलो. तिवरं, चिखलाचा वास, पाय पोटाशी घेऊन उभे बगळे. गावात कौलारू घरं, दारात क्रूस आणि क्रुसाला झेंडूची माळ. आमच्या घरी तुळशीसमोर तिन्हीसांजेला दिवा लागतो, तसाच इथे क्रुसापुढे लागतो. बाया लुगडी नेसतात, गळ्यात सोनं घालतात, आणि बोलतात मराठीच, पण तिला समुद्राचं मीठ लागलेलं.

आम्ही उतरलो आग्नेस मावशीकडे. बबनच्या स्टुडिओतले लोक शूटिंगला आले की तिच्याकडेच जेवतात. साठीची बाई, आवाज पाटीवाल्या कोळणीसारखा, नजर माझ्यासारखी. पाहिल्याबरोबर मी ओळखलं की ही धंद्यातली आहे.

रात्री पानात ताजे बोंबील आले, रवा लावून तळलेले, आणि सोबत पिठाचे गोल फुगे. आमच्याकडे वडे करतात ना मटणाबरोबर, त्यांचेच हे चुलत भाऊ, फक्त अंगाने मऊ. कालवणात ह्यांचा बाटलीत भरून ठेवलेला मसाला. मी म्हणालो, "मसाला चांगला आहे, पण मालवणीला तोड नाही."

मावशी म्हणाली, "मग मालवणला जाऊन जेव ना बाबा. हितं कशाला आलास?"

मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

पहिली संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी, ह्या जेवणाच्या आधी, आम्ही पुळणीवर स्टँड मांडला. समोर समुद्र, दिवा एक नाही, फक्त मागे बोरिवलीच्या बाजूला आकाश पिवळसर. ध्रुव आपल्याकडे मुळातच खाली असतो. इथे तो माडांच्या झावळ्यांतच अडकला होता. एका झावळीला दोरी बांधून बबन ती बाजूला ओढून उभा राहिला, तेव्हा कुठे ध्रुव धरून स्टँड जुळवता आला.

आता काम असं असतं. मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा, तिच्या पाठीवर एक लहान दुर्बीण. लहानीत एक तारा दोन तारांच्या फुलीवर धरायचा आणि तासाहून जास्त वेळ तो तिथून हलू द्यायचा नाही. गिअर दुर्बीण फिरवत असतो, जरा चुकलं की बटण दाबून सावरायचं. मी डोळा लावला. तारा फुलीवरून सरकला. आणला. पुन्हा सरकला.

"गिअर घसरतोय," नाडकर्णी म्हणाला.

"माझा गिअर?"

"वर्कशॉपचा माल आहे, सावंत, थोडं चालायचंच."

माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते संपादक छापणार नाहीत. शेवटी बबनने स्टँडच्या पायांवर बॅटरी मारली. तिन्ही पाय वाळूत हळूहळू बुडत होते, एक जरा जास्तच. भरतीचं पाणी खालून वाळू भिजवत होतं. नाडकर्णी म्हणाला, "असं होय." ह्याला नाडकर्णीच्या भाषेत माफी म्हणतात.

संध्याकाळ फुकट गेली. घट्ट जमीन पाहिजे होती, आणि गावात घट्ट जमीन होती ती मावशीच्या खळ्याची. भात झोडून झालेलं, शेणाने सारवलेलं, चोपून दगडासारखं केलेलं.

"खळ्यावर लोखंड?" मावशी म्हणाली. "आणि माज्या दारातला दिवा इजवायचा? वा रे वा."

मग आमची घासाघीस सुरू झाली. तिच्या विहिरीचा रहाट कुरकुरत होता, तो मी दुरुस्त करायचा ठरलं. मग शिवणयंत्राचा पट्टा. मग कपाटाचं बिजागर. मी म्हटलं बिजागर नाही. ती म्हणाली दिवा चालू राहील. बिजागर केलं. नाडकर्णी सबंध सकाळ माडाखाली आडवा पडून पुस्तक वाचत होता.

दुसरी संध्याकाळ

आता मुद्द्यावर येतो. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. अंधार पडल्यावर थोडा वेळ आकाश काळं मिळणार, मग चंद्र उगवणार. फोटो दोनच होणार होते. एक अंधारात, तेजोमेघ डोक्याकडे असताना. दुसरा चांदण्यात, तो पश्चिमेला कलल्यावर. मंडळाचा नियम असा, की फिल्मवर ज्याची पाळी, फोटो त्याच्या नावाचा. बबनला नाव नको होतं. राहिलो आम्ही दोघं.

मी भाव लावला. "नाडकर्णी, अंधार माझा."

"घे," तो म्हणाला.

मी जरा दचकलो. पण म्हटलं नीट पक्कं करून घेऊ. "पहिली पाळी माझी. तो वर असतानाची."

"घे की. फक्त मग लाल काच माझ्याकडे राहू दे, तू हिरवी घे."

मी विचार केला, काच ती काच. दारावर हा गुरखा काय आणि तो गुरखा काय. अंधार मला, उंची मला, आणि ह्याला चंद्र. धंद्यात इतकी वर्षं काढून मला एवढं कळायला हवं होतं, की जो पहिल्याच भावाला हो म्हणतो तो माणूस माल बघून आलेला असतो. पण समोर माझ्या नावाची फ्रेम दिसत होती. मी हात पुढे केला, त्याने मिळवला.

खळं जागचं हललं नाही. गिअरही हलला नाही, हे मुद्दाम लिहितो. तारा फुलीवर खिळ्यासारखा बसला होता. मी एका डोळ्याने बघत होतो, दुसरा मिटून मिटून दुखायला लागला. मावशी अंधारात पायरीवर बसली होती. तिने विचारलं, "काय दिसतं रे त्याच्यात?"

"एक तारा."

"आणि त्याला बघत ऱ्हायचं?"

"हो."

"आमच्याकडं नवीन सुनेला बघतात असं."

माझी पाळी संपता संपता बोरिवलीच्या डोंगरामागून चंद्र आला, केवड्यासारखा पिवळा. माझ्या मनात गुदगुल्या होत होत्या. बिचारा नाडकर्णी, म्हटलं. त्याने काच बदलली, फिल्म पुढे सरकवली, लहान दुर्बिणीला डोळा लावला आणि थोड्या वेळात मान धरून उठला.

"सावंत, मान आखडली रे. चष्म्यावर दव पडतंय. तू बघशील का?"

"मला काय मिळणार?"

"माझ्या वाट्याचे बोंबील."

मी पुन्हा सौदा जिंकला. त्याचा अख्खा फोटो मी सांभाळला. चांदण्यात, थंडीत, गुडघे शेणाच्या जमिनीवर टेकून. त्याच्या फोटोतला प्रत्येक तारा टाचणीच्या टोकाएवढा आलाय तो माझ्या डोळ्यामुळे आणि माझ्या गिअरमुळे. मोबदला काय, तर बोंबील. त्यातले दोन मांजराने नेले.

बोरिवलीचं न्हाणीघर

परत आल्यावर नाडकर्णीच्या न्हाणीघरात, खिडकीला घोंगडी लावून, बबनने फिल्म धुतली. लाल दिव्यात नाही, ह्या फिल्मला लालच दिसतो, म्हणून ठार काळोखात. आम्ही दोघं बाहेर पाटावर बसलो होतो. वहिनींनी चहा दिला. त्यांना आंघोळीला उशीर होत होता.

बबन बाहेर आला तो आधी माझ्याकडे न बघता. "नाडकर्णी, झकास," म्हणाला. मग मला म्हणाला, "तुझीपण आलीय यार."

माझा फोटो सांगतो. भाकरी. मध्ये वाटोळा, मऊ, फिका डाग. कडा नाही, आकार नाही. भिंतीवर ओल आली की दिसते तशी.

नाडकर्णीचा फोटो म्हणजे बांगडी. एक नाही, एकात एक अडकलेले दोन वेढे. आतल्या काठाला पुसट रेघा, सायकलच्या तारांसारख्या, सगळ्या मधल्या ताऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या. एका बाजूला वेढ्यातून निसटलेलं एक टोक, लुगड्याचा पदर उडावा तसं. म्हाताऱ्याने अंगावरून काय काय आणि कसं उतरवलं ते सगळं त्या बांगडीत होतं. इतकं सुंदर होतं की मला आधी राग आलाच नाही. तो मागून आला.

"हे कसं झालं?" मी विचारलं. "चंद्र तुझ्या वाट्याला होता."

"लाल काचेला चांदणं फारसं बाधत नाही," तो म्हणाला. "हिरव्याला बाधतं. हिरव्याला अंधार लागतोच. तू अंधार मागितलास, मी हिरवी काच दिली. शास्त्राप्रमाणे बरोबरच झालं."

"आणि ही बांगडी?"

"अरे, आत ताऱ्याजवळ वायू जास्त पेटलेला. तिथे ऑक्सिजन हिरवा दिसतो, भरीव. बाहेर जोर कमी पडतो, तिथे हायड्रोजन आणि रंगाने त्याचा शेजारी नायट्रोजन लाल. म्हाताऱ्या तेजोमेघाचा घाट बहुतेक लालमध्येच दिसतो."

हे त्याने मला आधी सांगितलं असतं तर मला कळलं नसतं का? पोलाद तापलं की रंगावरून मी उष्णता सांगतो. पिवळसर इथे, जांभळं तिथे, निळं त्याच्या पुढे. आयुष्य त्यावर काढलंय. एका वाक्यात कळलं असतं.

"तुला हे गोराईला माहीत होतं?"

"होतं ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

हे वाक्य माझ्या धंद्यात चालतं. गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं, त्याने विचारायचं असतं. पण ज्याच्याबरोबर एका ताटातले बोंबील खाल्ले त्याच्यापाशी हे चालत नाही. मी आवाज चढवला. वहिनी बाहेर आल्या. बबन मध्ये पडला, "अरे यार, दोन्ही एकावर एक ठेवून बघा ना."

त्याने दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले. माझी भाकरी त्याच्या बांगडीत बरोबर बसली. इकडे तिकडे केसभर नाही. गिअर माझा, म्हणून. नाडकर्णी चष्मा पुसत म्हणाला, "बघ, तुझ्याशिवाय चित्र पुरं होत नाही. हिरवं लालइतकंच महत्त्वाचं आहे."

"इतकंच?"

"अगदी तितकंच."

"मग बदलू. भाकरी तू घे, बांगडी मला दे."

नाडकर्णीने चष्मा पुन्हा पुसला. आधीच पुसून झालेला चष्मा. मग म्हणाला, "चहा घेणार अजून?"

मालाची खरी किंमत विकणारा काय बोलतो त्यावर ठरत नसते, तो अदलाबदलीला तयार होतो का त्यावर ठरते. मला उत्तर मिळालं. पण ते उत्तर न्हाणीघराच्या दारात मिळालं, चारचौघांत नाही.

प्रदर्शन होऊन गेलं. समोरच्या भिंतीवर बांगडी होती, मोठी करून. खाली लिहिलं होतं, 'छायाचित्र: नाडकर्णी. स्टँड: सावंत.' माझी भाकरी जिन्याखाली होती, चपलांच्या बाजूला. त्या चपलांवरही लक्ष ठेवायला मलाच सांगितलं होतं.

तर सभासदहो, ही माझी गोराई. जागा चांगली आहे, अवश्य जा, मावशीला बिजागराचं विचारा. आणि नाडकर्णी, वार्षिक सभा जवळ आली आहे. सगळे बसलेले असतील. तिथे उभा राहून सांग: दोन्ही फोटो सारखे असतील तर माझा जिन्याखाली का? आणि सारखे नसतील तर खळ्यावर माझा हात हातात घेताना तू गप्प का बसलास? विचारलं नाही, हे आता म्हणू नकोस. छापून विचारतोय.